‘कोणतेही शिक्षण घेतलेले नाही’

महाराष्ट्रातल्या तमाम कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्य सर आणि मॅडम यांस,



माझ्या कपाटात एक प्लॅस्टिकची फाइल आहे. एकमेकांना खोटं पाडणारे दोन कागद तिच्या एकाच कप्प्यात गेली कित्येक वर्षं सुखाने नांदतायत. पहिला शंभराचा स्टॅम्प पेपर, जुलै २०१०, नोटरीच्या गोल शिक्क्यासह. त्यावर माझ्या बाबांनी शपथेवर लिहून दिलंय की, माझ्या मुलीने सन २००९-१० या वर्षात कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही व कोणतेही शिक्षण घेतलेले नाही. दुसरा कागद त्याच वर्षाचा, जर्मनीतल्या एका सरकारी शाळेचं प्रगतिपत्रक. गैरहजेरी दोन दिवस. त्यावरही शिक्का आहे.

ते प्रतिज्ञापत्र मिरजेच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एका टायपिस्टने केलं. बाबा त्याला म्हणाले, “अहो, पण ती वर्षभर शाळेत होती.” त्याने मशीनवरची बोटं न उचलता सांगितलं, “साहेब, गॅपचा फॉरमॅट हाच. ह्यात बदल केला की कॉलेज परत पाठवतंय.” बाबांनी कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि सही केली. मी अज्ञान होते. म्हणजे कायद्याच्या भाषेत. त्यामुळे खोटं लिहून द्यायचा अधिकारसुद्धा माझा नव्हता, तो पालकांचा होता.

कॉलेजचं नाव सांगत नाही. खिडकीपलीकडच्या बाईंशी माझं भांडण तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्यांच्याकडे दोनच रकाने होते, ‘नियमित’ आणि ‘गॅप’. त्यांनी माझं जर्मन प्रगतिपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि काळजीने विचारलं, “गणितात एक? अगं, मग तू नापासच की.” जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सपशेल नापास, हे मी समजावेपर्यंत माझ्यामागची रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. शेवटी त्या म्हणाल्या, “ते असू दे गं, टक्के किती एकूण?” टक्के नव्हते. मग गॅप.

मी दहावीनंतर रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून गेले होते. हे प्रकरण काही कालपरवाचं नाही. फ्रान्समधल्या नीस शहरातल्या रोटरी क्लबने १९२७ मध्ये अशी पहिली अदलाबदल केली असं मानतात. एएफएस ही दुसरी मोठी संस्था तर मुळात युद्धभूमीवरून जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक ॲम्ब्युलन्सचालकांची. दोन महायुद्धं पाहून झाल्यावर त्यांनी १९४७ पासून शाळकरी मुलांची ने-आण सुरू केली. जखमी वाहण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं असावं. पद्धत साधी आहे. मूल साधारण वर्षभर परक्या देशात, परक्या कुटुंबात, घरातलंच एक होऊन राहतं आणि तिथल्या गावच्या शाळेत जातं. यजमान कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. रोटरीत तर तिकडून एक मूल इकडे येतं, तेव्हा इकडचं तिकडे जातं. ब्राझीलचा किंवा फ्रान्सचा एखादा मुलगा तुमच्याही कॉलेजात वर्षभर बसलेला तुम्ही पाहिला असेल. गणपतीच्या मिरवणुकीत फेटा बांधून त्याचा फोटो पेपरात येतो, तोच.

माझ्या वाट्याला आला पूर्व फ्रीसलँड. जर्मनीच्या वायव्येचा कोपरा, पलीकडे हॉलंड, वर उत्तर समुद्र. जमीन परातीसारखी सपाट, समुद्र अडवायला घातलेले बांध, बांधावर मेंढ्या आणि सदा वारा. मी मिरजेत सायकलवर वाढलेली, त्यामुळे सहा किलोमीटरवरची शाळा ऐकून हसले होते. पहिल्या आठवड्यात कळलं की त्या मुलखात डोंगर नाहीत, पण वारा आहे, आणि तो जाताना समोरून येतो तसा परत येतानाही समोरूनच येतो.

आता मुद्द्याचं. ‘कोणतेही शिक्षण’ हे शब्द मला टोचतात ते का, ते सांगते.

पहिल्या रात्रीचं जेवण. तिकडे गरम जेवण दुपारी. रात्री पाव, लोणी, चीज, काकडी, उकडलेलं अंडं. ताटाऐवजी लाकडी फळी. एक तुकडा खाऊन झाल्यावर तिथल्या आईने विचारलं, अजून हवं? मी आपल्याकडच्या रीतीने हसून म्हटलं, “दांके.” म्हणजे धन्यवाद. मनात धरलं होतं की ती दुसऱ्यांदा विचारेल, मी मान हलवेन, तिसऱ्यांदा ती वाढेलच. तिने फळी उचलून नेली. तिकडे विचारल्यावर नुसतं ‘दांके’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नको’ होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ‘नको’चा अर्थ ‘नको’च होतो, हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. चार रात्री मी आईने दिलेल्या शंकरपाळ्यांवर काढल्या. पाचव्या दिवशी चादर बदलताना चुरा सापडला.

मग स्वयंपाकघरात टेबलाशी बसून, मधे शब्दकोश ठेवून, आमची बैठक झाली. मी सांगितलं की आमच्याकडे पहिला नकार मोजत नाहीत. लगेच ‘हो’ म्हणणारं मूल हावरट ठरतं, आणि एकदाच विचारणारी यजमानीण चिक्कू. ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली (हे मला शब्दकोशातून बरंच उशिरा कळलं), “पण म्हणजे तुझ्याकडे पाहुण्याला खरंच नको असलं तर तो काय करतो?” मी आजपर्यंत या प्रश्नाचं उत्तर शोधतेय. त्यानंतर ती मला मुद्दाम तीनदा विचारायची, बोटांवर मोजून. ते लोक मोजणी अंगठ्यापासून सुरू करतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिसऱ्या बोटाला मी ‘हो’ म्हणायचे आणि सगळं घर हसायचं. डिसेंबरपर्यंत मी अंगठ्यालाच ‘हो’ म्हणायला शिकले होते. ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांनी आपल्या अकरावीच्या वर्गात ‘कोणाला काही शंका?’ असं विचारून पाहावं. साठ मुलं पहिल्या नकारावर थांबलेली असतात आणि सर दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

आग्रह तिकडे नाही, असा निष्कर्ष मी काढून मोकळी झाले होते, तोवर रविवारी तिथल्या आजीकडे चहाला गेलो. पूर्व फ्रीसलँडचे लोक माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितात. कॉफीच्या देशातलं हे चहाचं बेट. २०१६ मध्ये त्यांच्या या चहापानाला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागाही मिळाली. पातळ चिनी मातीचा इवलासा कप. त्यात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्याला क्लुंट्ये म्हणतात. त्यावर कडक काळा चहा ओतला की खडा तडकतो, आणि तो आवाज ऐकायला सगळे गप्प होतात. मग कपाच्या कडेने हलकेच साय सोडायची. ती तळाशी जाऊन ढगासारखी वर येते. मी चमचा उचलला आणि ढवळलं. आजीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आमच्या आजीच्या चेहऱ्यावर पाहिलंय, कोणी सोवळ्यात शिवलं तेव्हा. ढवळायचं नसतं. आधी सायीचा मऊपणा, मग कडूपणा, तळाला गोडी, अशा क्रमाने तो चहा प्यायचा असतो.

दुसरा कप आला. तिसरा आला. तीन कप हा तिथला शिरस्ताच. चौथ्याला मी नवीनच शिकलेलं शहाणपण वापरून स्पष्ट म्हटलं, नको. तिने ओतला. पाचव्याला जरा मोठ्याने. तिने ओतला. सहाव्या कपाला मी रडायच्या बेतात असताना तिथल्या भावाने टेबलाखालून पाय मारला आणि आपला चमचा स्वतःच्या रिकाम्या कपात ठेवून दाखवला. चमचा कपात गेला की पुरे. तोवर तोंडाने काहीही बोला, ओतणारा थांबत नाही. म्हणजे आग्रह होताच. फक्त तो थांबवायची कळ दुसरीकडे होती. आणि निघताना पाहिलं तर ओट्यावरच्या चहाच्या पुड्यावर लिहिलं होतं, आसाम.

हाक मारायचाही असाच घोळ. तिथल्या आईला नावाने हाक मारायची होती. नावाने! आपल्या आईच्या वयाच्या बाईला! आमच्या पणजीने पणजोबांना आयुष्यात एकदाही हाक न मारता पन्नास वर्षं संसार केला म्हणतात; मी तीन आठवडे तसाच केला. ती मागे वळेपर्यंत उभी राहायचे, नाहीतर खोकायचे. जर्मनमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘आपण’ वेगळं आहे, हे क्लासमध्ये शिकल्यावर मी खूश झाले होते. पण त्यांची रेघ वेगळ्या जागी मारलेली. घरातल्या आजोबांना ‘तू’ आणि दुकानातल्या वीस वर्षांच्या पोऱ्याला ‘आपण’. आपण वय मोजतो, ते अंतर मोजतात. आजोबांना पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला बांधावर नेऊन ओहोटी दाखवली. समुद्र मैलोन्‌मैल मागे जातो तिथे, नुसता चिखल उरतो.

शाळेत मला पुन्हा दहावीतच बसवलं. हरकत नव्हती, भाषेचीच बोंब होती. हरकत आली ती पहिल्या सहामाहीला. लेखी परीक्षेत बरी असून इतिहासात ५. विचारायला गेले तर शिक्षक म्हणाले, तू बोलत नाहीस. तिकडे वर्गात तोंडाने घेतलेल्या भागाला लेखी पेपराइतकं, कधी जास्तही वजन असतं. चूक बोललात तरी चालतं, गप्प बसलात तर गुण जातात. माझ्या दहा वर्षांच्या शाळेत शहाणी मुलगी म्हणजे गप्प मुलगी होती आणि त्याचं मला बक्षीसही मिळालं होतं.

मी बोलायला लागले, आणि जे बोलले ते सांगायला आजही जड जातं. आपापल्या शाळेतल्या शिक्षकांबद्दल सगळे सांगत होते. मी हसत हसत, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, आमचे गणिताचे सर फार कडक होते, आम्ही त्यांना हिटलर म्हणायचो.

वर्गातला आवाज गेला. कोणी रागावलं नाही, कोणी हसलंही नाही. शेजारची मुलगी वहीकडे बघत राहिली. आपल्याकडे हा शब्द किती सहज येतो हे मी सांगायला हवं का? कडक मुख्याध्यापक हिटलर, सासू हिटलर, सोसायटीचा सेक्रेटरी हिटलर. आम्ही दुसरं महायुद्ध पाच गुणांसाठी शिकलो होतो, कारणे व परिणाम. त्या शिक्षकांनी मला वर्गात एक शब्दही सुनावला नाही. तासानंतर थांबवून एवढंच विचारलं की मार्चमध्ये वर्ग बेर्गन-बेल्सनला जाणार आहे, तू येशील ना?

ती नाझींची छळछावणी त्याच राज्यात आहे, नीडरझाक्सनमध्ये. ॲना फ्रँक १९४५ च्या सुरुवातीला तिथेच मरण पावली. त्या छळछावणीत पन्नास हजारांहून जास्त कैदी मेले. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य पोचलं तेव्हा पुरायलाही माणसं नव्हती इतकी प्रेतं उघड्यावर पडली होती. आज तिथे बराकी नाहीत. सगळ्या जाळून टाकल्या. आहे ते मोकळं माळरान, बर्चची झाडं आणि गवताने झाकलेले लांबट उंचवटे. प्रत्येक उंचवट्याला पुढून दगडी कठडा आणि त्यावर एक आकडा. इथे १००० मृत. इथे २५०० मृत. इथे ५०००. नावं नाहीत. मी त्या पाच हजारांच्या कठड्यापुढे उभी होते आणि मनात अगदी मूर्खासारखा हिशेब चालला होता, आमच्या शाळेत दोन हजार मुलं होती, म्हणजे अडीच शाळा. सोबतची मुलंही गप्पच होती. ती त्या मातीतली, आणि हे घडलं ते त्यांच्या पणजोबांच्या पिढीत. त्यांना त्या जागी उभं करणारी शाळा मला तोवर कडक वाटत नव्हती. त्या दिवशी वाटली.

परत आल्यावर अकरावीत भौतिकशास्त्राच्या सरांना पोरं हिटलर म्हणायची. मी काही भाषण वगैरे दिलं नाही. मला नुसतं ते म्हणता यायचं नाही.

बाकीचं पटकन सांगते, कारण ते सगळ्यांचंच सारखं असतं. २००९ चा हिवाळा मोठा होता, बर्फ आठवड्यांमागून आठवडे हलला नाही. डिसेंबरात शाळा सुरू होताना अंधार आणि दुपारी सव्वाचारला पुन्हा अंधार. त्या काळात मी रोज संध्याकाळी सहाला झोपून जायचे. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं ठणकायचं, आणि झोपेत तरी मराठी ऐकू येईल अशी आशा असायची. महिन्यातून दोनदाच घरी फोन करायचा असं ठरलं होतं, आणि मी तो नियम मोडायचे. मोडला की दोन दिवस जास्त वाईट जायचे, हेही खरं. जानेवारीत घर बदललं. रोटरीत वर्षभरात दोन-तीन कुटुंबं बदलतात. पहिल्या घरातून निघताना मी अशी रडले की दुसऱ्या घरच्या आईला वाटलं तिथे काही छळ होता. तिला ‘माहेर’ हा शब्द समजावता समजावता माझं जर्मन बरंच सुधारलं. त्यांच्याकडे त्याला शब्द नाही. मग एके दिवशी, बहुतेक एप्रिलमध्ये, दात घासताना लक्षात आलं की रात्रीचं स्वप्न जर्मनमध्ये होतं आणि त्यात माझी आई जर्मन बोलत होती, तेही चुकत माकत. जून आला तेव्हा फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. जर्मनीने इंग्लंडला ४-१ हरवलं त्या संध्याकाळी मी गालावर काळा-लाल-सोनेरी पट्टा ओढून गावच्या चौकात नाचत होते. त्यानंतर पंधरा दिवसांत मी कोर्टाच्या आवारात, त्या टायपिस्टसमोर.

प्राचार्य महोदय, प्रत्येक मुलाने जावं असं माझं म्हणणं नाही. आता मी सांगली-कोल्हापूरकडच्या जाणाऱ्या मुलांच्या तयारीच्या शिबिरांना मदत करते, आणि काहींच्या पालकांना मी सरळ सांगते, यंदा नको. ज्याला घरात पाण्याचा पेला स्वतः भरायची सवय नाही, ज्याला केवळ मामेबहीण जाऊन आली म्हणून जायचंय, ते मूल ऑक्टोबरात परत येतं आणि कायमचं ‘परत आलेलं’ म्हणून ओळखलं जातं. जे जातात त्यांचं नुकसानही होतं. माझं रसायनशास्त्र वर्षभर मागे पडलं. माझ्या मैत्रिणी बारावीत, मी अकरावीत. वर्गात मी सगळ्यांची ताई झाले, आणि सतराव्या वर्षी ताई होणं काही सुखाचं नसतं. ही किंमत मी मान्य करते. एक वर्ष उशीर झाला तर झाला. पण उशीर झाला असं लिहा. काही झालंच नाही असं कसं लिहायचं?

इतर देशांत याला वाटा काढल्यात. इटलीतून दरवर्षी पुष्कळ मुलं उच्च माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षी बाहेर जातात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१३ मध्ये शाळांना परिपत्रकच काढलं: परदेशातलं हे वर्ष मुलाच्या शिक्षणाचाच भाग आहे, परत आल्यावर त्याला त्याच्या वर्गाबरोबर पुढे जाऊ द्या, मुख्य विषयांत काही राहिलं असेल तेवढंच तपासा. माझा जर्मन भाऊ, तो टेबलाखालून पाय मारणारा, पुढे स्वतः वर्षभर बाहेर राहून आला. परत आल्यावर शाळेने त्याला समोर बसवून विचारलं, पुढच्या वर्गात बसतोस की मागचा पुन्हा करतोस? त्याने विचार करायला आठवडा मागितला, तोही मिळाला. आपल्याकडे बोर्डाचे नियम आहेत, ते तुमच्या हातात नाहीत, हे मला कळतं. मी वर्ष मोजून मागत नाहीये.

तुमच्या हातात जे आहे तेवढंच मागते. जाणारं मूल दाखला न्यायला येतं तेव्हा त्याला दहा मिनिटं केबिनमध्ये बोलवा. “करिअरचं काय?” हा प्रश्न त्याला आधीच सतरा जणांनी विचारलेला असतो, तुम्ही दुसरं काहीतरी विचारा. परत येतं तेव्हा त्याला स्नेहसंमेलनात ‘माझा परदेशातील अनुभव’ यावर पाच मिनिटं बोलायला लावून मोकळे होऊ नका. त्याला इतिहासाच्या तासाला बसवा आणि मधेच बोलू द्या. तुमच्याकडे आलेल्या परदेशी मुलालाही पुष्पगुच्छ देऊन पहिल्या बाकावर शोभेला बसवू नका. त्याला मराठीच्या तासाला गृहपाठ द्या, चुकला की सांगा. मागच्या वर्षी एका ब्राझीलच्या मुलीने मला सांगितलं की, तिला कॉलेजात अख्ख्या वर्षात कोणी एकदाही रागावलं नाही, आणि म्हणून तिला कधी वाटलंच नाही की ती तिथली आहे.

आणि ते प्रतिज्ञापत्र. गॅपचा दाखला नियमाने लागत असेल तर लागू द्या. पण त्यातलं ते एक वाक्य बदलता येईल का, एवढं तुमच्या कार्यालयात विचारून बघा. मी एका वकील मैत्रिणीकडून मजकूर तपासून घेतलाय. पाच ओळींचा आहे: कोणत्या देशात, कोणत्या गावच्या शाळेत, कोणत्या इयत्तेत, किती दिवस हजर, आणि सदर शिक्षण येथील मंडळाच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. एवढंच, सगळं खरं. यंदा आमच्या भागातून एक मुलगी ऑगस्टमध्ये निघतेय. तिचे वडील सहकारी बँकेत आहेत, कागद वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतले नाहीत. ती परत येईल तेव्हा त्यांच्यापुढे कोणता कागद असावा, ते तुमचं एखादं कार्यालय ठरवेल. मजकूर टाइप करून ठेवलाय. मागाल तर पाठवते.

आपली,
२०१० साली ‘गॅप’ घेऊन अकरावीला बसलेली एक विद्यार्थिनी
मिरज